राखणदाराची शीव : भयकथेतील सामायिक विश्व आणि मराठी वाचक
(वालावल परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

एकाच लेखकाच्या अनेक कथा-कादंबऱ्यांतून तीच गावे, तीच माणसे आणि तेच नियम पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणजे त्या स्वतंत्र कृतींच्या मागे एक मोठे, सलग जग उभे आहे असे वाचकाला जाणवू लागते. अशा जगाला प्रस्तुत लेखात 'सामायिक कथाविश्व' असे म्हटले आहे. साहित्यात ही कल्पना नवी नाही. बाल्झाकच्या कादंबऱ्यांत तीच पात्रे पुन्हा भेटतात, आर. के. नारायण यांचे मालगुडी अनेक पुस्तकांतून विस्तारत जाते आणि मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड हे नायक वाचकाच्या परिचयाचे झालेले असतात. भयकथेत मात्र या कल्पनेला वेगळे महत्त्व प्राप्त होते. भीतीचा उगम अज्ञातात असतो आणि दोन कथांमधील दुवा सापडला की अज्ञाताचा काही भाग ज्ञात होतो. मग दुवे जोडणारा वाचक भय कमी करतो की वाढवतो, हा प्रश्न उद्भवतो.

या प्रश्नाचे उत्तर त्या कथाविश्वात संकट आणि संरक्षण यांच्या सीमा कशा आखलेल्या आहेत यावर अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी स्टीफन किंग यांचे कथाविश्व, नारायण धारप यांच्या समर्थकथा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वालावलच्या परिसरात रुजलेली गावऱ्हाटीची कल्पना या तिन्हींचा तौलनिक विचार केला आहे.

किंग यांचे विश्व : संकटाला बांधलेले गाव

अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांतील डेरी, कॅसल रॉक आणि जेरुसलेम्स लॉट ही मेन राज्यातील कल्पित गावे आहेत. 'द शायनिंग' (१९७७) मधील हॉटेलचा आचारी डिक हॅलोरन हा 'इट' (१९८६) मध्ये त्याच्या तरुणपणी दिसतो. 'सेलम्स लॉट' (१९७५) मधील पराभूत धर्मगुरू फादर कॅलाहन 'द डार्क टॉवर' या मालिकेच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या खंडात परत येतो, म्हणजे एका कादंबरीत सुटलेला धागा अठ्ठावीस वर्षांनी दुसरीकडे विणला जातो. रँडल फ्लॅग हा दुष्टात्मा तर वेगवेगळ्या कादंबऱ्यांतून वेगवेगळ्या काळांत वावरतो.

किंग यांच्या चाहत्यांची चर्चा बहुधा अशा दुव्यांभोवती फिरते. कोणत्या गावापासून कोणते गाव किती दूर, कोणती घटना आधीची, एका कादंबरीतील दुष्ट शक्ती ही दुसरीतील शक्तीचेच रूप आहे काय, असे प्रश्न त्यात उपस्थित होतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या विश्वात स्थळ हे दुव्याचे मुख्य साधन आहे आणि ते स्थळ संकटाचे आहे. डेरी गावातील अमंगल सुमारे सत्तावीस वर्षांनी पुन्हा जागे होते. डेरीचे नाव अन्य कादंबरीत नुसते उच्चारले गेले तरी जाणत्या वाचकाच्या मनात धास्ती उत्पन्न होते. येथे दुवा भय वाढवतो. संकटाला घर आहे. सर्वांना पुरून उरेल असा कायमचा रक्षक मात्र या विश्वात नाही.

धारपांचे विश्व : सीमा नसलेला रक्षक

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठीत विपुल भयकथा आणि विज्ञानकथा लिहिल्या. त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराहून अधिक सांगितली जाते. सार्वजनिक ग्रंथालये आणि फिरती वाचनालये यांतून ती पुस्तके मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. विद्यापीठीय समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नसली, तरी वाचकांच्या एकाहून अधिक पिढ्यांनी त्यांना जिवंत ठेवले.

धारपांच्या अनेक कथांना जोडणारे पात्र म्हणजे 'समर्थ'. 'समर्थांचिया सेवका', 'समर्थांची शक्ती', 'समर्थांना हाक' अशा शीर्षकांवरूनच या पात्राचे स्थान ध्यानात येते. त्यांपैकी पहिले शीर्षक रामदासांच्या मनाच्या श्लोकांचे स्मरण करून देते. 'समर्थ' या शब्दामागे रामदासांची आणि अक्कलकोटच्या स्वामींची परंपरा उभी असल्यामुळे वाचक या पात्राकडे पहिल्या भेटीपासूनच विश्वासाने पाहू लागतो. कथांचा साचा ढोबळमानाने असा सांगता येईल : एखादा सामान्य गृहस्थ किंवा कुटुंब अमानवी शक्तीच्या तावडीत सापडते, उपाय खुंटतात, समर्थांपर्यंत हाक पोहोचते आणि समर्थ त्या शक्तीचे स्वरूप ओळखून तिचे निवारण करतात.

किंग यांच्या विश्वात स्थळ जे काम करते, ते येथे व्यक्ती करते. गावे बदलतात, वाडे बदलतात, संकटे बदलतात. समर्थ तेच राहतात. त्यामुळे दुव्याचा परिणाम उलटा होतो. समर्थांचे नाव कथेत येताच वाचकाला धीर येतो. माणूस वाचेल की नाही ही चिंता मागे पडते आणि संकटाचे स्वरूप काय, ते कोणत्या वाटेने घरात शिरले, कोणत्या नियमाने परत जाईल, याविषयीचे कुतूहल पुढे येते. समर्थकथा भयकथा असूनही शोधकथेच्या जवळ जातात, याचे कारण बहुधा हेच असावे.

हाक न मारल्या गेलेल्या कथांचा प्रश्न

समर्थकथा आणि धारपांच्या अन्य कथा एकाच जगात घडतात असे मानले, तर एक अवघड प्रश्न पुढे येतो. समर्थ त्या जगात आहेत, तर ज्या कथांत माणसे एकाकीपणे संकटाशी झुंजतात त्या कथांत त्यांना कोणी हाक का मारली नाही ?

या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. पहिले असे की, ती दोन जगे वेगळीच आहेत; एका जगात समर्थ आहेत, दुसऱ्यात नाहीत. हे उत्तर सोपे आहे, परंतु त्यात सामायिक विश्वाची कल्पना अर्धी सोडून द्यावी लागते. दुसरे असे की, जग एकच आहे, मात्र त्या माणसांना समर्थांचे नाव ठाऊक नव्हते. हे उत्तर स्वीकारले तर रक्षक नसलेल्या कथा अधिकच क्रूर ठरतात, कारण साहाय्य अस्तित्वात असूनही ते पोहोचले नाही. तिसरे असे की, समर्थांच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहे. हे तिसरे उत्तर निव्वळ तर्काने सुचते. त्याला आधार हवा असेल तर वाचकाने समर्थकथांतच तो शोधला पाहिजे.

ज्या रक्षकाला सीमा नाही, त्याच्या प्रत्येक अनुपस्थितीचा जाब त्याला द्यावा लागतो. किंग यांच्या वाचकाला हा प्रश्न पडत नाही, कारण तेथे असा रक्षकच नाही.

रूपांतरात दुव्यांचे काय होते

धारपांच्या काही कृती किंग यांच्या कृतींवर आधारित आहेत. 'लुचाई'चा संबंध 'सेलम्स लॉट'शी आणि 'शपथ'चा संबंध 'इट'शी जोडला जातो. 'आजी' या कथेचे नाते किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेशी सांगितले जाते. या संबंधाकडे केवळ मौलिकतेच्या वादातून पाहिले जाते आणि सामायिक विश्वाचा मुद्दा बाजूला राहतो. मूळ कादंबरी एका विस्तृत जाळ्यातील गाठ असते. ती उचलून मराठीत आणली की बाहेर जाणारे धागे तुटतात. 'सेलम्स लॉट'च्या वाचकाला फादर कॅलाहनच्या मागोमाग दुसऱ्या मालिकेत जाता येते. 'लुचाई'च्या वाचकाला ती वाट नाही. तो वाचक त्या कथेला धारपांच्याच अन्य कथांशी जोडतो. रूपांतर हे अशा रीतीने स्थलांतरही असते. कथा एका विश्वातून दुसऱ्या विश्वात वस्तीला येते.

'आजी' या कथेचा पुढील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, तर त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीचे स्मरण करून देते. अमेरिकेतील एका घरात एकट्या मुलाला वाटलेली वृद्ध आजीची भीती मराठी कथेत आली आणि तेथून रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाच्या नावाशी जोडली गेली. चित्रपटात ते संकट पुन्हा एका वाड्याला बांधलेले दिसते आणि माणसाचे संरक्षण पिठाच्या वर्तुळापुरते सीमित आहे. कोकणाच्या भूमीत येताच कथेने सीमा आखून घेतली, हे केवळ योगायोगाचे मानता येणार नाही. त्यासाठी कोकणातील कथाश्रवणाची परंपरा पाहणे आवश्यक आहे.

वालावल परिसर : सीमा असलेला रक्षक

वालावल हे कुडाळ तालुक्यातील, कर्ली नदीच्या काठचे गाव. लक्ष्मीनारायणाचे मंदिर, त्यालगतचे तळे आणि माडांची दाटी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. कर्ली नदी पुढे मालवणजवळ समुद्राला मिळते. या टापूतील गावांची धार्मिक-सामाजिक व्यवस्था 'गावऱ्हाटी' या नावाने ओळखली जाते. ग्रामदेवता, तिचे परिवारदेव, मानकरी, बारा-पाचाचा मान, गाऱ्हाणे आणि कौल ही तिची अंगे होत. गावाच्या शिवेवर आणि ठरावीक स्थळी राखणदार, देवचार अशा शक्तींचा वास मानला जातो. गाऱ्हाणे घालताना या शक्तींना त्यांच्या स्थानासह आवाहन केले जाते. कोणाचा अधिकार कोठवर हे त्या आवाहनातच सूचित असते.

आर. ई. एन्थोवेन यांनी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या संकलनावरून सिद्ध केलेला कोकणच्या लोकसमजुतींविषयीचा खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरवलेली होती. वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जाखीण, लावसट, हडळ अशी नावे त्यात आढळतात. ही केवळ नामावळी नाही. मृत्यू कोणत्या अवस्थेत आला आणि त्या शक्तीचा वास कोठे, यावरून प्रत्येकीची ओळख ठरते. मुंज झालेला, परंतु सोडमुंजीपूर्वी मरण पावलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. गिऱ्ह्याचा संबंध पाण्याशी व बुडून आलेल्या मृत्यूशी असतो. कथा सांगणारा कोणीही असो, हे नियम त्याने पाळलेच पाहिजेत. पिंपळावरचा मुंजा नदीत माणसाला बुडवू लागला, तर श्रोता तेथेच सांगणाऱ्याला अडवील. ज्याचा कोणी एक लेखक नाही, असे हे सामायिक कथाविश्वच होय.

येथील रक्षकाला शीव आहे, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हे त्याचे ठळक उदाहरण. भुतांचा अधिपती मानला गेलेला वेताळ येथे गावाचा राखणदार झाला आहे. तो रात्री गावात फेरी घालतो या श्रद्धेने त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण केल्या जातात. त्याची फेरी त्याच्या गावाची आहे. शिवेपलीकडे दुसऱ्या देवाचा अधिकार सुरू होतो. समर्थविश्वाला अडचणीत टाकणारा प्रश्न येथे उद्भवतच नाही. राखणदार का आला नाही, याचे उत्तर तयार असते : माणूस शिवेबाहेर होता, अथवा त्याने मान चुकवला होता. या विश्वात भय नाहीसे होत नाही आणि अमर्यादही होत नाही. ते दोन शिवांच्या मधल्या जागेत, तिन्हीसांजेच्या वाटेवर, पाण्याच्या काठावर टिकून राहते.

प्रेक्षकाची साक्षेपी स्मृती : दशावतार आणि दूरचित्रवाणी

अशा विश्वाची सुसंगती कोण सांभाळतो, या प्रश्नाचे उत्तर दशावतारी नाटकात मिळते. दशावताराच्या आरंभाशी वालावलच्या गोरे यांचे नाव जोडणारी एक परंपरा सांगितली जाते आणि 'वालावलकर' हे नाव दशावतारी मंडळांत सुपरिचित आहे. जत्रेच्या रात्री पूर्वरंगात गणपती, सरस्वती, संकासुर यांचे प्रवेश झाल्यावर आख्यान उभे राहते. त्याची संवादसंहिता लिखित नसते. कथेचा आराखडा ठरतो आणि नट रंगभूमीवरच संवाद रचतात. अशा वेळी कोणत्या राक्षसाला कोणता वर मिळाला होता, कोणाचा वध कोणाच्या हातून होणार, दोन व्यक्तिरेखा एकमेकींना भेटू शकतात की नाही, याचे भान नटाला असावे लागते. कारण ते समोर बसलेल्या प्रेक्षकाला असते. आख्यान नवे, काल्पनिक असले तरी त्याला पुराणविश्वाचे नियम मोडता येत नाहीत. किंग यांचे चाहते जे काम करतात, तेच हा प्रेक्षक पूर्वापार करीत आला आहे.

'रात्रीस खेळ चाले' या झी मराठी वाहिनीवरील मालिकेचा विचार या पार्श्वभूमीवर करता येतो. कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे चित्रित झालेल्या या मालिकेचा पहिला भाग २०१६ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये आणि तिसरा २०२१ मध्ये सुरू झाला. पहिल्या भागाचा आरंभ अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होतो. दुसरा भाग मागे जाऊन अण्णा आणि शेवंता यांची पूर्वकथा सांगतो. तिसऱ्यात मृतांचे सावट पुन्हा वाड्यावर येते. दुवा येथे एका वाड्याचा आणि एका कुळाचा आहे. पूर्वकथा पाहणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. त्यामुळे पुढे काय होणार यापेक्षा हे आधी सांगितलेल्याशी जुळते का, हा प्रश्न प्रेक्षकाला अधिक सतावतो. प्रेक्षकाची स्मृती ही लेखकावरची देखरेख ठरते.

याच टापूतील बागलांची राई येथे जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांचे साहित्य दुव्याचा आणखी एक प्रकार दाखवते. 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२) आणि 'कोंडुरा' (१९६६) या भयकादंबऱ्या नव्हेत आणि त्या परस्परांच्या पुढच्या-मागच्या कथाही नव्हेत. तरीही शाप, नियती आणि दैवी संकेत यांच्या छायेतील एकच भूमी दोन्हींत वाचकाला जाणवते. हा दुवा वातावरणाचा आहे. तो जाणवतो, परंतु नावाच्या किंवा स्थळाच्या दुव्याप्रमाणे तो सिद्ध करता येत नाही.

पुरावा, अनुमान आणि इच्छा

दुवे जोडण्याच्या छंदाला शिस्त लावता येते, हे शेरलॉक होम्सच्या वाचकांनी दाखवून दिले आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली होम्सकथांवर धर्मग्रंथांच्या समीक्षेची पद्धत विनोदाने लागू केली. डॉ. वॉटसन यांची युद्धातील जखम एका कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला आहे, अशा विसंगतींवर पुढे बरीच चर्चा झाली. अशा चर्चेत तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात : संहितेत प्रत्यक्ष नमूद असलेला पुरावा, त्यावरून निघणारे अनुमान आणि दुवा असावा ही वाचकाची इच्छा. दोन कथांत समर्थांचे नाव येणे हा पुरावा होय. नाव न येताही नियम सारखे असल्यामुळे जग एक मानणे हे अनुमान होय. प्रत्येक धारपकथेच्या पडद्याआड समर्थ उभे आहेत असे मानणे ही इच्छा होय.

महाविद्यालयीन अध्यापनात या भेदाचा उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांना समर्थकथांचा तक्ता करावयास सांगितला, तर संहितेचे बारकाईने वाचन, प्रकाशनक्रम आणि कथांतर्गत कालक्रम यांतील फरक व आंतरसंहितात्मकता ही संकल्पना त्यांना कृतीतून समजेल. पुनर्मुद्रित प्रतीवर मूळ प्रकाशनवर्ष नसेल, तर जुन्या ग्रंथालयांतील दाखल नोंदवह्या किमान ते पुस्तक कोणत्या वर्षापूर्वी निघाले हे सांगू शकतात. जीर्ण प्रतींबरोबर अशा वह्याही रद्दीत गेल्या, तर लोकप्रिय साहित्याच्या इतिहासाचे एक साधन कायमचे हरपेल.

एक पथ्य मात्र पाळणे आवश्यक आहे. कथाविश्वाचे नियम हे कथेचे नियम आहेत. गावऱ्हाटीचा अभ्यास सांस्कृतिक व्यवस्था म्हणून करताना तिच्या नावाखाली कोणाचा छळ किंवा फसवणूक होत असेल, तर ती बाब साहित्याच्या कक्षेबाहेरची आहे. महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ पासून अस्तित्वात आहे. कल्पिताची शीव कोठे संपते हे विद्यार्थ्याला कळणे, हेही भयसाहित्याच्या अध्यापनाचे एक उद्दिष्ट असले पाहिजे.

निष्कर्ष

१. सामायिक कथाविश्वात दुव्याचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. दुवा संकटाच्या स्थळाचा असेल तर भय वाढते. रक्षकाच्या नावाचा असेल तर ते ओसरते.

२. किंग यांच्या विश्वात संकट गावाला बांधलेले आहे, धारपांच्या समर्थविश्वात रक्षकाला सीमा नाही, तर गावऱ्हाटीच्या विश्वात रक्षकालाच शीव आहे. यांपैकी तिसऱ्या रचनेत अनुपस्थित रक्षकाचा प्रश्न सुटतो आणि भयाला जागाही उरते.

३. रूपांतरित कथा मूळ विश्वातील धागे गमावते. तथापि नव्या भूमीत तिला नवे धागे मिळतात. 'आजी' ते 'तुंबाड' हा प्रवास त्याचे निदर्शक आहे.

४. दुवे जोडणारा वाचक ही आधुनिक चाहतेपणाची निर्मिती नव्हे. जत्रेच्या रात्री मंदिराच्या आवारात बसून आख्यानातील चूक नेमकी पकडणारा श्रोता हा त्याचा पूर्वज आहे. मराठी समीक्षेने धारपांच्या वाचकाकडे त्या श्रोत्याचा वारसदार म्हणून पाहिले, तर लोकप्रिय साहित्याविषयी बरेच काही नव्याने सांगता येईल.